पीक न्हाई तर तण कशाचं

भूगोलाच्या पुस्तकात आमच्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हटलेलं होतं. गुरुजींनी तो शब्द फळ्यावर लिहिला तेव्हा मला बरं वाटलं, कारण त्यात छाया होती. मग त्यांनी अर्थ सांगितला. सह्याद्री सगळा पाऊस पलीकडेच उतरवून घेतो आणि आपल्याकडे येईपर्यंत ढग रिकामे झालेले असतात, म्हणून ही छाया. आमच्या माळावर सावली म्हणजे हिवराचं काटेरी झाड, आणि हिवराखाली निजू नये असं मोठी माणसं सांगायची. "म्हंजी पुस्तकातली छाया बी बिनकामाची आन् गावातली बी," असं मी मोठ्यानं बोलून गेले. तो सगळा तास मी बाकावर उभी होते.

आमचं गाव पाथर्डीच्या पुढं, जिथं डोंगराच्या सोंडा खाली उतरून मराठवाड्याकडे तोंड करतात तिथं. नगर जिल्हा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ऊस येतो, कारखान्याची धुराडी येतात. तो नगर प्रवरेकाठचा. आमचा नगर वेगळा. वीतभर मुरूम, त्याखाली खडक, आणि खडकाखाली काय आहे ते विहिरी खणणाऱ्यांनाही कधी नीट कळलं नाही. श्रावणात थोडे दिवस डोंगर हिरवा व्हायचा, दसऱ्यापर्यंत पिवळा, आणि संक्रांतीनंतर जो तागाच्या पोत्याच्या रंगाचा व्हायचा तो पुढच्या पावसापर्यंत तसाच.

या मातीत उगवणारं झाड न् झाड तापट. बाभळीला सरळ काटे, बोरीला वाकडे. रुई मोडली की चीक अंगावर उडवते. तरवड दिसायला सोन्यासारखा पिवळा फुलतो, पण पाला असा की भुकेलेली शेळीसुद्धा विचार करते. कुसळी गवत वाळलं की धोतरात, लुगड्यात शिरतं आणि घरी आल्यावर टोचतं. जनावर ज्याला तोंड लावत नाही तेच आमच्या माळावर टिकायचं, गोड पाल्याचं काही फार दिवस जगायचं नाही. माणसंही पुष्कळशी त्याच वळणाची होती, आणि मी त्यांच्यातलीच आहे.

आई मात्र तशी नव्हती. ती सगळ्या गावाची धाकली. घरातली धाकटी सून म्हणून आधी घरच्यांनी धाकली म्हटलं, मग आळीनं, मग गावानं. तिला छपराखाली चैन पडत नसे. धान्य निवडायचं तर अंगणात, भाकरी खायची तर ओट्यावर, आणि बोलायचं म्हटलं तर रस्त्यात उभं राहून. शेतात काम नसलं तरी ती एक फेरी मारून यायची आणि परत आल्यावर कुठं काय फुटलं, कशाला शेंग धरली, कोणती बोर आंबट निघाली हे सांगत बसायची. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "हिला घर न्हाई, मुक्कामाचं ठिकान हाय."

तिचा एक नेम होता. आपसूक उगवलेलं उपटायचं नाही. आपण पेरलं त्यात निवडानिवड करायची, खुरपायचं, विरळ करायचं. पण जे आपणहून दाराशी आलं ते पाव्हणं, त्याला हात लावायचा नाही. आमच्या मागच्या भिंतीच्या मुळाशी एक कडुनिंब असाच आला. दादांनी सांगितलं, हा भिंत फोडणार. आई म्हणाली, "एवढ्या खडकातून वाट काढून आलंय बिचारं, ऱ्हाऊ द्या." निंबानं भिंत फोडली. दादांनी ती पुन्हा बांधली, निंबाला वळसा घालून. तो वळसा गावात चेष्टेचा विषय होता. नवीन सून आली की तिला दाखवायला आणायचे.

बहात्तर सालच्या दुष्काळाबद्दल पुष्कळ लोकांनी पुष्कळ सांगितलंय, म्हणून मी एवढंच सांगते की त्या वर्षी माळावरचा तरवडसुद्धा वाळला. तरवड वाळतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. निवडुंगाचे फड जाळावर धरून काटे भाजायचे आणि ते जनावरांपुढं टाकायचे. निंबांचे शेंडे ओरबाडून झाडांचे नुसते हात राहिले होते. भिंतीतला आमचा निंबही सुटला नाही. आमची गाय घोडेगावाकडच्या छावणीत नेऊन बांधली होती, घरात एक शेळी तेवढी राहिली. आई-दादा पाझर तलावाच्या कामावर माती ओढायला जायचे. संध्याकाळी आई परत यायची तेव्हा तिच्या पापण्यांवर धूळ असायची, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्याकडे सांगायला काही नसायचं. कुठं काय फुटलं हे ती सांगणार तरी काय? मी मुद्दाम विचारायचे, "आज काय दिसलं?" ती म्हणायची, "दगडं."

रेशनला तेव्हा मिलो मिळायची, बाहेरच्या देशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना काठाला चिरायची आणि खाताना घशाला. आई ती सुपात पाखडायची आणि खालचा कचरा, बारीक खडे, काळं बी न्हाणीच्या मागं टाकायची. तिथं भांडी घासल्याचं, हात धुतल्याचं पाणी झिरपायचं. अख्ख्या गावात ओल अशी जिथं कुठं होती ती अशाच न्हाण्यांच्या मागं, हातभर जागेत.

एका सकाळी आईनं आम्हाला हाका मारल्या. मला वाटलं साप निघाला. धावत गेलो तर ती उकिडवी बसून जमिनीकडे बघत होती. न्हाणीमागं एक हिरवं रोप आलं होतं. पानं गाजरासारखी कातरलेली, कोवळी, अंगावर बारीक लव. आसपासच्या सगळ्या राखाडी रंगात ते इतकं हिरवं होतं की डोळ्यांना खरं वाटेना.

"काय हाय गं हे?" मी विचारलं.

"ठावं न्हाई," आई म्हणाली. तिचा चेहरा मात्र असा उजळला होता की मी रोपाकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले. पुष्कळ दिवसांनी तिला सांगायला काहीतरी सापडलं होतं.

ती तोंड धुवायची तेसुद्धा त्या रोपावर वाकून, म्हणजे चूळसुद्धा वाया जायला नको. रोप वाढलं, त्याला फांद्या फुटल्या, आणि वरती साबुदाण्याएवढी पांढरी फुलं आली. देवाला फूल मिळत नव्हतं अशा दिवसांत आई ती फुलं खुडून देव्हाऱ्यात ठेवू लागली. आळीतल्या बाया कामावरून येताना न्हाणीमागं डोकावून जायच्या. पाणी नसलेल्या गावात हिरवं बघायला मिळणं ही चैन होती. शेळीला सोडलं तर तिनं हुंगलं आणि मान फिरवली. दुसऱ्या कुठल्या मुलखात बाई म्हणाली असती, ज्याअर्थी शेळी खात नाही त्याअर्थी यात काही खोट आहे. आई उलट खूश झाली. "शेळी तोंड लावीत न्हाई," ती म्हणाली, "म्हंजी हे टिकनार." तरवड असाच टिकला होता, रुई अशीच टिकली होती. आमच्या माळाचा हा हिशोबच होता आणि तो तिनं बरोबर मांडला होता. रोप मात्र आमच्या माळाचं नव्हतं.

फुलांचं बी गळून आसपास बारकी रोपं आली आणि बाया ती मागायला लागल्या. आई बोटांनी माती उकरून, मुळं सांभाळून, ओल्या फडक्यात गुंडाळून द्यायची. देताना लग्नात मुलगी द्यावी तसं सांगायची, "ऊन लागू देऊ नगंस हां पयले दोन दिस."

अशातच मावशी आली. आईची थोरली बहीण, देवळाली प्रवऱ्याला दिलेली. दोघी एकाच घरातल्या, पण एक बागायतात पडली आणि एक जिरायतात. मावशीच्या घराशेजारून पाट वाहतो. तिच्याकडे दुष्काळातही ऊस उभा होता आणि तिला त्याची लाज वाटायची, म्हणून येताना ती ओझं वाहून आणायची. या वेळी एका पोत्यात जोंधळे आणि वर गुळाची ढेप. एसटीतून उतरून डोक्यावर घेऊन आली. हात धुवायला न्हाणीकडे गेली, आणि सवयीनं, बोलता बोलता, खाली वाकून तिनं तिथलं सगळ्यांत मोठं रोप उपटलं आणि बाजूला फेकलं.

आईनं ते पाहिलं. ती इतक्या जोरात ओरडली की मावशीच्या हातातला तांब्या पडला.

"आगं तण हाय ते," मावशी म्हणाली. "आमच्याकं पाटाच्या कडंला आलंय. बांधावर आलं की आमी उपटतो."

"तुमच्याकं पीक हाय, म्हनून तुमच्याकं तण हाय," आई म्हणाली. "हितं काय हाय, आक्का? पीक न्हाई तर तण कशाचं?"

मावशीनं पडलेला तांब्या उचलला. मला याचं उत्तर आजपर्यंत सुचलेलं नाही. तण म्हणजे पिकाच्या वाट्याचं खाणारं. ज्या रानात काहीच नाही तिथं कोण कुणाच्या वाट्याचं खातंय? पण आई तिथं थांबली नाही. राग आला की माणूस पुढचंही बोलतं. तुला पाटाच्या पाण्याचा माज आलाय, ती म्हणाली, तुला हिरवं टाकून द्यायची सवय लागलीय. मावशी रडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेली. पोतं आणि गूळ राहिले. आईनं फेकलेलं रोप परत लावून बघितलं, पण ते जगलं नाही. बाकीची जगली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. सगळ्यांनी पेरलं, आणि पिकाच्या आधी वर आलं ते गाजरासारखं रोप. गावठाणात, शाळेच्या मैदानात, पाझर तलावाच्या नव्या भरावावर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना, गायरानात जिथं मारवेल आणि पवना ही चाऱ्याची गवतं यायची तिथं. श्रावणात डोंगर हिरवा झाला तो त्याच्यानं. भादव्यात पांढरा झाला, तोही त्याच्यानं. गाई चरायला जायच्या आणि उपाशी परत यायच्या. एखाद्या जनावरानं चुकून खाल्लं तर दूध कडू व्हायचं.

गावाला त्या गवताचं नाव माहीत नव्हतं. नाव नसलं की शिव्या द्यायला अडचण होते. म्हणून गावानं नाव ठेवलं: धाकलीचं गाजर. ते काही आमच्या न्हाणीमागून पसरलं नव्हतं. मिलो घरोघर आली होती, कचरा घरोघर टाकला होता, खडीच्या ट्रका गावोगाव फिरल्या होत्या, ते आपापल्या वाटेनं सगळीकडे आलं होतं. पण रोपं फडक्यात गुंडाळून वाटलेली सगळ्यांच्या लक्षात होती. पुढं ग्रामसेवकानं येऊन सांगितलं की याला गाजरगवत म्हणतात, काँग्रेस गवतही म्हणतात. तोवर उशीर झाला होता. म्हातारे लोक मरेपर्यंत धाकलीचं गाजरच म्हणत राहिले. आईसुद्धा पहिल्यांदा हसली होती. "लोकांच्या नावानं गावं असत्यात," ती म्हणाली, "माज्या नावानं गवात तरी ऱ्हायलं."

त्याच पावसाळ्यात तिच्या पापण्या सुजल्या. मग मानेला, कोपराच्या आतल्या बाजूला, कानांमागं खाज सुटली. त्या वर्षी कुणाला काहीही झालं तरी मिलोची उष्णता म्हणायची पद्धत होती, तसंच आम्हीही म्हटलं. निंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ घातली. सब्जा भिजवून दिला. देवीला नवस बोलून झाला. दिवाळीनंतर जरा कमी झालं, उन्हाळ्यात गेलं, आणि पुढच्या आषाढात पुन्हा आलं, दुप्पट. चेहऱ्याची कातडी जाड झाली, काळवंडली, कपाळावर घड्या पडल्या, भुवया विरळ झाल्या. खाजवून खाजवून मानेवर पाणी सुटायचं. ती शेतातून परत येताना पदर तोंडावर घट्ट ओढून यायची, कारण ऊन लागलं की आग व्हायची.

बाया म्हणायला लागल्या, हा महारोग. ज्यांनी तिच्या हातून रोपं नेली होती त्याच. पाणवठ्यावर ती आली की त्या आपली भांडी उचलून घ्यायच्या, बोलायच्या मात्र गोड. मला त्यांचा आजही राग येतो. त्यातल्या पुष्कळ जणी आता नाहीत, तरी येतो.

दादा तिला नगरला मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. मी बरोबर होते. डॉक्टरांनी आधी सुईनं टोचून पाहिलं, कातडीला कळतं का ते. कळत होतं. महारोग नाही म्हणाले, तेव्हा दादा भिंतीला टेकले. मग डॉक्टरांनी विचारलं, "घराभोवती काय काय उगवतं?"

आईला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. एवढ्या दुखण्यात तिचा आवाज मोकळा झाला. ती सांगत सुटली. बाभूळ, बोर, तरवड, रुई, आघाडा, सराटा, कडवंचीचे वेल, बांधावर शेवरी, भिंतीत निंब. डॉक्टर ऐकून घेत होते. शेवटी ती म्हणाली, "आन् एक नवं आलंय, गाजरावानी. धवळी फुलं येत्यात."

डॉक्टरांनी मान वर केली. पुण्याकडचे असे पुष्कळ लोक येतात म्हणाले. सगळ्यांना होत नाही, ज्याच्या अंगाला सोसत नाही त्याला होतं, आणि एकदा झालं की ते गवत जवळ असेपर्यंत जात नाही. मलमं दिली, गोळ्या दिल्या. "बाई, त्याला हात लावायचा नाही. त्याच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहायचं नाही."

वाऱ्याला उभं राहू नकोस हे आम्ही वाईट माणसांबद्दल बोलतो. इथं तो शब्दशः औषधोपचार होता. वाऱ्यावर त्या फुलांचं पीठ उडतं आणि तेच तिच्या कातडीला बाधत होतं.

एसटी स्टँडवर बसल्यावर तिनं दादांना विचारलं, "आवं, मी तर त्याला पानी घातलंय. ते मला कसं काय करंल?"

दादांनी तिच्या डोक्यावरचा पदर नीट केला. भर स्टँडवर, लोकांसमोर. आमच्याकडे पुरुष असं करत नाहीत.

घरी आल्यावर दादांनी घराभोवतीचं सगळं गाजरगवत उपटायला घेतलं. रोज शेतातून आल्यावर, हाताला फडकी गुंडाळून. एका बाजूचं संपेपर्यंत दुसऱ्या बाजूचं गुडघ्याला यायचं. आमचं अंगण साफ झालं तर शेजारचं पडीक होतं, ते साफ केलं तर रस्ता होता, आणि रस्त्याच्या पलीकडे सगळा डोंगर. भिंतीतल्या निंबाला वळसा घालणारा माणूस तो, त्यानं कधी कशाचा इतका दुस्वास केला नव्हता. आई आतून म्हणायची, "ऱ्हाऊ द्या आता. किती उपटाल?" मग एक दिवस ते तिच्यावर ओरडले, "पाव्हना हाय ना तुजा! बघ कसा पाव्हनचार करतोय!" ओरडून झाल्यावर तिथंच चिखलात बसून राहिले.

मावशीला कळलं. ती भांडण विसरून आली आणि आईला देवळालीला घेऊन गेली. तिनं घराभोवतीचं रान आधीच खणून काढून ठेवलं होतं. मला वाटलं, आता आई बरी होणार, तिकडे सगळं खुरपलेलं, नांगरलेलं असतं. पण ज्या पाटाच्या जिवावर तिकडचा ऊस उभा होता त्याच पाटाच्या कडेला गाजरगवत बारा महिने फुलायचं. आमच्याकडे निदान उन्हाळ्यात सगळं वाळून जायचं. तिकडे वाळणं नव्हतंच. आई गेली त्याहून वाईट होऊन परत आली. मावशी तिला सोडायला आली तेव्हा म्हणाली, "मी एक उपटलं हुतं गं, तवा समदं उपटाय पायजे हुतं." आणि दोघी गळ्यात पडून रडल्या. गळ्याला गळा लागू न देता, कारण आईचा गळा सोललेला होता.

मग आमचं असं ठरून गेलं. आषाढ लागला की आई आतल्या खोलीत. खिडकीला पोतं, दाराला ओलं धोतर. बाहेर पाखरं ओरडायची, बाया खुरपायला जाताना हाका मारत जायच्या, आणि जिला घर म्हणजे मुक्कामाचं ठिकाण होतं ती चार भिंतींत बसून असायची. दिवाळी झाली, थंडी पडली, गवत वाळलं की हळूहळू बाहेर. फाल्गुन-चैत्रात, सगळा माळ भाजून निघालेला असताना, ती बरी असायची. तेव्हा ती फिरायची, उघड्या मुरमावरून, वाळल्या तरवडांमधून. ज्या ओसाडीनं तिचं काळीज तुटायचं तेवढीच आता तिला मानवत होती.

अशा एका वर्षी पाऊस लांबला. मृग कोरडा गेला, आर्द्रा लागल्या तरी काही नाही. दादा रानातून आले, ओट्यावर बसले, आणि आईला म्हणाले, "आवंदा लांबला वाटतं." त्यांचा आवाज ऐकून मी चमकले. जिरायत शेतकरी हे वाक्य कसा बोलतो ते मला लहानपणापासून माहीत होतं. हा तसा आवाज नव्हता. बाजारातून बायकोसाठी काही आणलंय आणि ते पाठीमागं लपवलंय, तसा होता.

आणि आई हसली. मी पाहिलं. तिच्या जाड झालेल्या, काळवंडलेल्या चेहऱ्यावर खरं हसू आलं, क्षणभर. मग तिला कळलं आपण कशाला हसलो ते. तिनं पदर तोंडात कोंबला आणि अशी रडली की शेजारची बाई डोकावली.

"आसं बोलू नगा," ती म्हणाली. "आवं, आपन पावसाच्या वाईटावर आलो का? काय झालं आपलं हे?"

मी आत जाऊन रडले. दुष्काळात मी इतकी रडले नव्हते.

दोन-चार दिवसांनी गावातल्या बायांनी महादेव कोंडायचं ठरवलं. पाऊस ओढ देतो तेव्हा आमच्याकडे घरटी एक कळशी पाणी नेऊन गाभाऱ्यात ओततात, पिंड बुडेपर्यंत, आणि दार लावून घेतात. देव गुदमरला की पाऊस पाडतो. आईनं कळशी घेतली. मी म्हटलं, तू कशाला, मी जाते. तिनं ऐकलं नाही. देवळात बाया तिला वाट द्यायला बाजूला सरल्या, मानानं नव्हे, पण सरल्या. तिनं पाणी ओतलं, हात जोडले. येताना मी विचारलं, "काय मागितलंस?"

"पाऊस," ती चिडून म्हणाली. "म्हादेवाला दुसरं काय मागत्यात?"

पाऊस पडला. आई आत गेली. त्या वर्षी बाजरी अशी आली की म्हातारेसुद्धा बांधावर उभे राहून बघत. आई आतून विचारायची, केवढी झाली, निसवली का, कणीस केवढं. आम्ही हातानं दाखवायचो. ती मान हलवायची, पण तिचा विश्वास बसत नसावा, किंवा तेवढ्यानं भागत नसावं.

म्हणून एका दुपारी दादांनी फुलोऱ्यातल्या बाजरीचं एक सबंध ताट मुळासकट उपटलं. वाटेत सगळीकडे गाजरगवत फुललेलं, त्याचं पीठ चिकटलेलं असणार म्हणून त्यांनी ते विहिरीवर नेऊन धुतलं. पानं पुसली, कणीस पाण्यात बुडवून बुडवून धुतलं. स्वतः आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसले, आणि ते ओलं ताट दोन्ही हातांनी धरून आत गेले. मी दाराशी होते.

आईनं ते मांडीवर घेतलं. कणसावरून हात फिरवला, वरपासून खालपर्यंत. मग तिनं ते नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"धुतलं का वं तुमी?" तिनं विचारलं.

"व्हय," दादा म्हणाले. "सोच्छ धुतलंय. काय भ्याव न्हाई."

"वास गेला की ह्याचा," आई म्हणाली, आणि ते ताट तिनं त्यांच्याकडे परत दिलं.